महागड्याच्या तोडीचा स्वस्त बेस गिटार: गावाकडून घेताना काय पाहायचं, काय टाळायचं

भीमजयंतीचा कार्यक्रम असो, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं नाटक असो की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा, आपल्याकडे बेस अजूनही बरेचदा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातूनच येतो. ढोलकी असते, ऑक्टोपॅड असतो, गायक तयारीचे असतात, पण खालचा सूर धरून बसणारा माणूस नसतो. ज्यांना ती जागा घ्यायची आहे त्यांना पहिली अडचण वाद्याची येते. नागपूरच्या दुकानात एक बेस पंधरा हजारांचा, शेजारचा दीड लाखाचा, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

ते सारखे दिसतात याला कारण आहे. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला, तो मुळातच कारखान्यात पटपट तयार व्हावा अशा रचनेचा. लाकडाची पाटी, तिला स्क्रूनं जोडलेला नेक (डाव्या हातात धरायची लांब दांडी), एक पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबक), एक व्हॉल्यूम, एक टोन. तंबोऱ्यासारखा भोपळा नाही, सारंगीसारखं कोरीवकाम नाही. त्यामुळे इंडोनेशियातल्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या मशीननं कापलेला नेक आणि अमेरिकेत कापलेला नेक यांच्या मापात आज फारसा फरक उरत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळानं या बेसच्या बॉडीचा आकार एकट्या फेंडरच्या नावावर नोंदवायला नकार दिला, म्हणून तोच आकार इतर कंपन्या उघडपणे बनवतात. नेकच्या टोकाला खुंट्या असतात त्या डोक्याचा आकार तेवढा फेंडरकडे राखीव आहे.

मग दीड लाखात जास्तीचं काय मिळतं? फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकसारखे घासून गुळगुळीत करण्यात गेलेले कारागिराचे तास, चांगल्या खुंट्या, चांगला ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग), निवडलेलं लाकूड. यातलं सगळ्यात जास्त हाताला जाणवणारं आणि कानाला ऐकू येणारं काम म्हणजे फ्रेट आणि सेटअप, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवून घेणं. ते स्वस्त वाद्यावर नंतर करून घेता येतं. एकच अट आहे, नेक मुळात सरळ आणि धड हवा. पिळलेला नेक सरळ करायला वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. म्हणून पिकअपचं नाव, बॉडीचा रंग, डोक्यावरची कंपनी हे सगळं नंतर. आधी नेक.

१. घरून निघण्याआधी पिशवीत काय हवं

यातलं बहुतेक सामान गावातच मिळतं.

- १५ सें.मी.ची स्टीलची पट्टी, मि.मी.च्या खुणा स्पष्ट असलेली
- शिंप्याचा टेप
- फिलर गेज. मोटरसायकलचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक हेच वापरतो, त्याच्याकडून एका दिवसासाठी मागून घ्या
- मल्टिमीटर, टीव्ही-मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असतो
- ॲलन-कीचा संच, १.५ ते ५ मि.मी.
- मोबाईलमध्ये ट्यूनरचं ॲप
- एक जुनं एटीएम कार्ड
- स्वतःची केबल. आपल्याकडे साउंडवाले ज्याला पी-३८ म्हणतात तीच मोनो पिन, ६.३५ मि.मी.

कागदपत्रांत नवीन वाद्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या, आणि बिलावर मॉडेलबरोबर सिरीयल नंबर लिहून घ्या. सेकंड हँड असेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख, रक्कम आणि सिरीयल नंबर पुरतो. पैसे यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते.

२. सगळे पैसे बेसवर लावू नका

समजा हाताशी २५,००० रुपये आहेत. त्यातले १७-१८ हजार वाद्याला. ३ ते साडेतीन हजार नव्या तारा आणि सेटअपला. दोन-सव्वादोन हजार केबल, रुंद पट्टा आणि जाड पिशवीला. उरलेले हेडफोन ॲम्पला. भाव दुकानागणिक आणि सणागणिक बदलतात, पण हे प्रमाण सोडू नका.

इथेच बहुतेकांचं चुकतं. २५ हजारांचा बेस घेतला जातो आणि तो कंपनीतून आला तसाच, उंच तारांनिशी वाजवला जातो. दोन महिन्यांत बोटं सोलून निघतात आणि वाद्य कपाटावर जातं. १८ हजारांचा नीट सेट केलेला बेस त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला वाजतो. बेसच्या तारांचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा कितीतरी महाग येतो, तोही खर्च आधीच धरा.

३. कोणता घ्यायचा

चार तारांचा घ्या. पाच तारांचा बेस दिसायला भारदस्त असतो, पण सगळ्यात जाड ‘बी’ तारेचा सूर ३१ हर्ट्झच्या आसपास असतो. स्वस्त वाद्यात ती तार ढिली वाटते, आणि मंडपातल्या बहुतेक स्पीकरमधून तो सूर धड बाहेरच पडत नाही. चार तारांतली सगळ्यात जाड ‘ई’ ४१ हर्ट्झची. भजन, भीमगीत, लावणी, सिनेगीत सगळं तिच्यात बसतं.

लांबी बघा. नेहमीचा बेस ३४ इंची असतो, आखूड ३० इंची. ओळखायची सोपी रीत अशी की नटपासून (डोक्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावायचा. १७ इंच भरले तर ३४ इंची, १५ भरले तर ३० इंची. हात लहान असेल किंवा घरातली शाळकरी मुलगी शिकणार असेल तर ३० इंची खुशाल घ्या. त्याच्या तारा वेगळ्या लांबीच्या येतात आणि तालुक्याला सहसा मिळत नाहीत, म्हणून एक जास्तीचा संच बरोबरच घेऊन ठेवा.

पॅसिव्ह की ॲक्टिव्ह? पॅसिव्ह बेसला बॅटरी लागत नाही. ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली राहिली की ती उतरत जाते. रात्री दोन वाजता, तिसऱ्या अंकात बॅटरी गेली तर गावात ९ व्होल्टची बॅटरी कुठून आणणार? पहिला बेस पॅसिव्ह घ्या, किंवा पॅसिव्हवर टाकायचा स्विच असलेला घ्या.

पिकअपमध्ये पहिल्या बेसला ‘पी-जे’ जोडी सोयीची. नेकच्या बाजूला दोन तुकड्यांचा ‘पी’, ब्रिजच्या बाजूला सरळ पट्टीचा ‘जे’. ढोलकीच्या खाली भरीव आवाज हवा तर एकटा ‘पी’ लावा, कीबोर्डच्या गर्दीतून वर यायचं असेल तर थोडा ‘जे’ मिसळा.

नावं घ्यायची तर यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका, कोर्टची ॲक्शन मालिका आणि फेंडरचंच स्वस्त नाव स्क्वायर, एवढ्यापासून सुरुवात करा. कोर्ट ही कोरियन कंपनी, तिचा कारखाना इंडोनेशियात आहे आणि ती इतर कंपन्यांसाठीही गिटार बनवते, त्यामुळे कमी किमतीतही तिचं काम साफ असतं. थोडे जास्त पैसे असतील तर अमेरिकन बेसवादक मार्कस मिलर यांच्या नावानं येणारा सायर बघा. त्याच्या नेकच्या कडा गोल केलेल्या असतात, हाताला लगेच कळतं. पण एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे नसतात. नाव ठरवून जा, नग मात्र हातात घेऊनच निवडा.

४. कुठे शोधायचा

नागपूरला सीताबर्डीत वाद्यांची दुकानं आहेत, अमरावतीलाही काही मिळतील. निघण्याआधी फोन करून विचारा, “भाऊ, अमुक मॉडेलचे किती नग दुकानात आहेत?” एकच असेल तर ज्या दिवशी दोन-तीन असतील त्या दिवशी जा. सकाळी दुकान उघडताना गेलात तर गर्दी नसते आणि शांतपणे तपासू देतात. शनिवारी संध्याकाळी कोणी तुम्हाला अर्धा तास देणार नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा. खोका उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, त्यात बाहेरची चिठ्ठी, सिरीयल नंबर आणि वाद्याची दोन्ही अंगं दिसली पाहिजेत. मे महिन्यात गाडीतून आलेला खोका तापलेला असतो, तो सावलीत तीन-चार तास तसाच ठेवून मग उघडा. सगळ्यात आधी नटच्या मागे, डोकं जिथे नेकला मिळतं तिथे बारीक चीर आहे का ते पाहा. खोका पडला की तडा तिथेच जातो.

सेकंड हँडमध्ये खरा फायदा आहे. वर्धा, नागपूर, अमरावतीला शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की होस्टेल सोडणारी मुलं सामान विकतात, त्यात कमी वाजवलेले बेस असतात. सोबत एक सापळाही असतो. डोक्यावर मोठ्या कंपनीचं चिकटपत्र लावलेली नकली वाद्यं वीस-पंचवीस हजारांत ‘इंपोर्टेड’ म्हणून फिरतात. सिरीयल नंबर खोडलेला, बिल नाही, आणि विकणारा “आजच घ्या” म्हणतोय, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की उठा आणि बस पकडा.

५. हातात घेतल्यावर: नेकची तपासणी

बेस आधी सुरात लावून घ्या. “दादा, एकदा ट्यून करून देता का?” असं म्हणायला लाजू नका. ढिल्या तारांवर केलेली कुठलीच तपासणी खरी नसते, कारण चार तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असते आणि नेक त्या ओढीखालीच बघायचा असतो.

पीळ. बेस आडवा धरा, एक डोळा मिटा आणि ब्रिजच्या बाजूनं नेकवरून नटकडे बघा, बैलगाडीचा जू सरळ आहे का बघतो तसं. फ्रेटच्या रेषा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. नटकडची रेषा एका बाजूला कलंडलेली दिसली तर नेक पिळलेला आहे. भाव कितीही उतरवला तरी तो बेस ठेवून द्या.

बाक. जाड तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर. आता तीच तार सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट किती आहे ते फिलर गेजनं मोजा. ०.२५ ते ०.३५ मि.मी. उत्तम, म्हणजे जवळपास व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. एक मि.मी. फट असली तरी घाबरू नका, ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या लोखंडी दांड्यानं, ती कमी होते. तार मध्ये फ्रेटला टेकलेलीच असेल तर नेक अगदी सपाट आहे किंवा उलटा वाकलाय. तो रॉड सैल करून सुधारतो का, हे दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. रॉडच्या टोकाचा आवळायचा नट फिरतच नसेल किंवा त्याची खाच झिजलेली असेल तर तो बेस घेऊ नका.

फ्रेट. एटीएम कार्डाची लांब कड तारांच्या मधून तीन लागोपाठच्या फ्रेटांवर उभी टेकवा. तिसऱ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत लांब कड बरोबर बसते, बाराव्याच्या पुढे आखूड कड लावा. कार्ड टकटक डुलत असेल तर मधला फ्रेट उंच आहे. एखादा असा निघाला तर कारागीर तो बसवून किंवा घासून देतो. चार-पाच ठिकाणी डुललं तर दुसरा नग मागा.

कडा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात वर-खाली फिरवा. फ्रेटची टोकं काट्यासारखी लागतात का? आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात घेतलेल्या बेसमध्ये थोडी टोचणारी टोकं मे महिन्यात बोट कापतील, हा हिशेब आत्ताच करा.

सरळ बसवणी. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार नेकच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहे का, ते शेवटच्या फ्रेटांजवळ बघा. बारीक तार कडेवरून घसरायला आली असेल तर नेक सांध्यात तिरका बसलाय. मागचे चार स्क्रू अर्धा आटा सैल करून, नेक हळूच ढकलून, परत आवळला की बहुधा जागेवर येतो.

आता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. चार तारा, वीस ते चोवीस फ्रेट, म्हणजे ऐंशी-नव्वद सूर. पाच मिनिटं लागतात. प्रत्येक सूर चार अंक मोजेपर्यंत धरा आणि ऐका, कुठे खरखरतो, कुठे लवकर मरतो.

‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो. स्क्रूनं जोडलेल्या नेकमध्ये हे इतकं सर्रास आहे की लाख रुपयांच्या बेसमध्येही सापडतं. नेकचं लाकूड त्याच सुराला हलतं आणि तारेची ताकद खाऊन टाकतं. आपल्या लोकांनी याकडे नीट लक्ष द्यावं, कारण पुष्कळ पुरुष गायक काळी एकमध्ये गातात, आणि काळी एकचा वरचा ‘सा’ नेमका ‘जी’ तारेच्या सहाव्या फ्रेटवर येतो. तुमच्या मंडळाचा गायक ज्या पट्टीत गातो तिचे ‘सा’ आणि ‘प’ दुकानातच वाजवून बघा. काळी एक असेल तर ‘सा’ म्हणजे ‘ए’ तारेचा चौथा फ्रेट, ‘प’ म्हणजे ‘ई’ तारेचा चौथा. काळी चार असेल तर ‘सा’ ‘ई’ तारेच्या चौथ्यावर आणि ‘प’ ‘ए’ तारेच्या सहाव्यावर. हे सूर दणदणीत आले तर एका मेलेल्या सुरासाठी चांगला बेस सोडू नका, तो सूर ‘डी’ तारेच्या अकराव्या फ्रेटवर मिळतो.

शेवटी पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडा. डोकं जमिनीकडे झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा भरून येईल. थोडं झुकणं आठ सें.मी. रुंद, आतून खरखरीत पट्ट्यानं थांबतं.

६. वायरिंग

केबल खोचा, सगळी बटणं पूर्ण उघडा. बटण फिरवताना खरखर आली तर काळजी नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की जाते. जॅकमध्ये पिन हलवल्यावर आवाज तुटतो का बघा, तोही पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न आहे, पण भाव करताना सांगायला कामी येतो.

पॅसिव्ह बेस असेल तर केबलच्या दुसऱ्या टोकाला पिनचं टोक आणि दांडी यांच्यावर मल्टिमीटर ओहमवर लावा. एकटा ‘पी’ साधारण १० ते १२ किलोओहम दाखवतो, एकटा ‘जे’ ७ ते ८. दोन्ही एकदम उघडे असतील तर आकडा यापेक्षा कमी येतो, म्हणून एकेक तपासा. काहीच दाखवलं नाही किंवा आकडा शंभर किलोओहमच्या वर गेला तर कुठेतरी वायर किंवा कॉइल तुटली आहे, शून्य दाखवलं तर शॉर्ट. ॲक्टिव्ह बेसवर ही मोजणी लागू पडत नाही.

घरघर ऐका. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर वायरिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर आतली अर्थची वायर सुटली आहे किंवा केबल उलटी जोडली आहे.

७. सेटअप: यानंतरच बेस महागासारखा वाजायला लागतो

दुकानातला कारागीर करून देत असेल तर पहिल्यांदा त्याच्याकडून करा, पण शेजारी उभं राहून बघा. वर्षातून दोनदा हे काम पडतं आणि दरवेळी नागपूर गाठणं परवडत नाही. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते.

अ) नव्या तारा. ४५-६५-८५-१०५ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हा नेहमीचा संच. एका वेळी एकच तार बदला म्हणजे नेकवरची ओढ एकदम सुटत नाही. तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सें.मी. जाऊ द्या, आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सरकतं आणि नवी तार पहिल्याच दिवशी मुकी होते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली. भजन आणि जुन्या गाण्यांसाठी बेस हवा असेल तर सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाऊंड तारा घ्या. महाग येतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, फ्रेट झिजवत नाहीत आणि ढोलकीच्या बायाखाली त्यांचा गोल आवाज सुंदर बसतो.

ब) ट्रस रॉड. घड्याळाच्या दिशेनं आवळला की नेक सरळ होतो, उलट फिरवला की तारांच्या ओढीनं पुढे वाकतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग परत सुरात लावा, दहा मिनिटं थांबा, परत मोजा. चावी बेसबरोबर आलेलीच वापरा. जवळपास बसणारी दुसरी चावी लावून खाच खराब करणं हा या कामातला सगळ्यात महाग अपघात आहे.

क) तारांची उंची. ब्रिजवरच्या छोट्या ठोकळ्यांना सॅडल म्हणतात, तंबोऱ्याची घोडी समजा, फक्त इथे प्रत्येक तारेची वेगळी. त्यांच्या स्क्रूला बहुधा १.५ मि.मी.ची ॲलन-की लागते. बाराव्या फ्रेटवर तारेचा तळ ते फ्रेटचा माथा मोजा. जाड तार २.५ मि.मी., बारीक तार २ मि.मी. दुकानातून आलेल्या नव्या बेसवर हीच उंची साडेतीन-चार मि.मी. निघते, आणि “स्वस्त बेस कडक असतो” ही तक्रार तिथूनच येते. जोरात वाजवणारा हात असेल तर पाव मि.मी. जास्त ठेवा.

ड) नट. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. कागदाएवढी फट पुरते. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर चढा येतो. नटची खाच घासणं मात्र कारागिरावर सोडा, एकदा जास्त घासली की नट बदलावाच लागतो.

इ) सूर जुळवणी. मोकळी तार सुरात लावा, मग तीच बाराव्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवा. ट्यूनर चढा दाखवत असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा दाखवत असेल तर पुढे आणा. जुन्या तारांवर हे करू नका, काटा कधी स्थिर राहणार नाही.

फ) पिकअपची उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअप आणि तार यांच्यात तीन मि.मी.च्या आसपास अंतर ठेवा. चारही तारांचा आवाज सारखा येईपर्यंत एकेक बाजू वर-खाली करा. बाजारात नवे पिकअप शोधायच्या आधी हे करून बघा, खर्च काहीच नाही.

८. आवाज कशातून काढायचा

घरी हेडफोन ॲम्प सगळ्यात बरा. चार्ज करून ठेवला की भारनियमनातही रियाज होतो आणि घरच्यांची झोप मोडत नाही. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पमधून हळू आवाजात चालतं, मोठा केला की त्याचा स्पीकर फाटतो. कीबोर्डचा ॲम्प असेल तर तो चांगला. कार्यक्रमात डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी डबी) लावून थेट मिक्सरमध्ये जा, कारण सहा मीटरपेक्षा लांब साध्या केबलमध्ये घरघर भरते आणि आवाजाची धार जाते.

आता जिवाची गोष्ट. गावातल्या अनेक घरांत आणि मंडपांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण त्यात अर्थिंग नसतं. अशा ठिकाणी बेसच्या तारांना वीज येऊ शकते, आणि हात तारांवर असताना ओठ माईकला लागले तर झटका थेट छातीतून जातो. वाजवायला उभं राहण्याआधी दर वेळी टेस्टर तारांना लावा. दिवा लागला तर वाजवू नका, कोणीही कितीही घाई केली तरी. बेसचा ॲम्प आणि माईकचा मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. तिसरी पिन कधी तोडू नका. घरी रियाजाच्या खोलीत अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. पैसे कमी पडत असतील तर बेस एक पायरी स्वस्त घ्या, हे मात्र सोडू नका.

९. ऊन, पाऊस आणि कूलर

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडीठाक. आत कूलर सुरू केला की तीच खोली तासाभरात दमट होते, बंद केला की परत कोरडी. नेकला हा रोजचा चढउतार सोसत नाही. बेस कूलरच्या झोतात किंवा त्याच भिंतीवर टांगू नका. पिशवीत बंद करून, टिनाच्या छतापासून लांब, आतल्या खोलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांसाठीही सोडू नका. मोटरसायकलवर नेताना पाठीला लावा आणि डोकं वर ठेवा. आडवा बांधलेला बेस शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासतो.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडानं पुसा, खालच्या बाजूनंसुद्धा. घामानं तारा लवकर मरतात. मेलेल्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण वाळवल्या की काही दिवस परत बोलतात, कार्यक्रम तोंडावर आला असेल तर हे जमवून घेता येतं.

ट्रस रॉडची मोजणी वर्षातून दोनदा धरा. एकदा मृगाचा पाऊस लागून पंधरा दिवस झाले की, आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की. झाडीपट्टीत वाजवणाऱ्यांनी दिवाळीनंतरची मोजणी मंडईच्या पहिल्या तारखेआधीच उरकावी, पाव फेरा फिरवल्यावर नेक पूर्ण बसायला एक रात्र लागते.